खूण आणि पुरावा : तंत्रक्षेत्रातील पहिल्या इंटर्नशिपसाठी उमेदवार कशाने उठून दिसतो

संगणक किंवा माहिती-तंत्रज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असतानाच एखाद्या कंपनीत ठरावीक मुदतीसाठी, बहुधा सहा आठवडे ते सहा महिने, प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणाऱ्या व्यवस्थेला इंटर्नशिप म्हणतात. ‘आंतरवासिता’ हा प्रतिशब्द मराठीत उपलब्ध असला तरी वैद्यकीय शिक्षणाबाहेर तो रुळलेला नाही, म्हणून येथेही रूढ शब्दच वापरला आहे. पहिल्या इंटर्नशिपसाठी आलेल्या अर्जांच्या ढिगातून एखादाच उमेदवार का निवडला जातो, याविषयी सल्ल्यांना तोटा नाही. महाविद्यालयाचे टीपीओ, म्हणजे प्रशिक्षण व नोकरीभरतीचे काम पाहणारे अधिकारी, एक सांगतात, वसतिगृहातले सीनियर दुसरे सांगतात आणि यूट्यूबवरचे मार्गदर्शक तिसरे सांगतात. यांतले बहुतेक सल्ले चुकीचे नसतात, मात्र ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची एकाच दमात उत्तरे देत असल्याने परस्परविरोधी वाटतात. अर्ज मुळात वाचला जातो कशाने, हा पहिला प्रश्न. आणि वाचला गेल्यावर तो लक्षात राहतो कशाने, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी उमेदवाराच्या भूतकाळात ठरून गेलेले असते, तर दुसऱ्याचे त्याच्या हातात असते, आणि ही फारकत केल्याशिवाय या विषयावरील संशोधनाचा किंवा अनुभवाचा अर्थ नीट लागत नाही.

भारतातील परिस्थिती समजून घेताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की येथे इंटर्नशिप ही हौसेची बाब राहिलेली नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात तिला श्रेयांक दिले, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात ती तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात विषय म्हणूनच आली. हेतू चांगला होता, पण एका फटक्यात प्रत्येक विद्यार्थ्याला इंटर्नशिप दाखवणे भाग पडले आणि तेवढ्या खऱ्या जागा कोणत्याही शहरात नव्हत्या; त्या पोकळीत विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेऊन, चार व्हिडिओ दाखवून आणि एक ठोकळेबाज प्रोजेक्ट करवून घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांचा धंदा फोफावला. परिणामी ‘इंटर्नशिप केली आहे’ या वाक्याला भरती करणाऱ्यांच्या लेखी जवळपास काहीच वजन उरले नाही, आणि पहिल्या इंटर्नशिपसाठी अर्ज करणाऱ्याच्या रेझ्युमेत आधीच्या दोन-तीन इंटर्नशिपांची यादी असण्याचा विचित्र प्रकार सुरू झाला. शासनाच्या योजनांचा रोख वेगळा आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२४मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला २१ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांना दरमहा ५,००० रुपये साहाय्य ठरवण्यात आले, पण पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना आणि आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांच्या पदवीधरांना मुद्दाम वगळण्यात आले. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. दोन्ही योजना कॅम्पसबाहेरच्या तरुणांसाठी आखलेल्या, त्यामुळे प्रस्तुत प्रश्नाशी त्यांचा संबंध येथेच संपतो.

कंपनीच्या बाजूने पाहिल्यास निवडीची पहिली पायरी ही निवड नसून नकार देण्याची सोय असते. अर्जांची संख्या इतकी मोठी असते की सर्व वाचणे अशक्य, म्हणून यंत्राला किंवा कनिष्ठ कर्मचाऱ्याला लावता येईल असा एखादा आकड्यांचा निकष लागतो. भारतात हा निकष दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर सलग ६० टक्के, किंवा सीजीपीएची, म्हणजे सर्व सत्रांतील श्रेणीगुणांच्या सरासरीची, विशिष्ट मर्यादा या स्वरूपात दिसतो. त्याला जोडून ‘लाइव्ह बॅकलॉग’ नसावा, म्हणजे अर्जाच्या वेळी एकही विषय राहिलेला नसावा, अशी अट असते. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातले ‘एटीकेटी’ आणि ‘वायडी’ हे शब्द, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढल्या वर्गात जाण्याची मुभा आणि तीही न मिळाल्याने वाया गेलेले वर्ष, या चाळणीत सर्वाधिक चावतात. दुसऱ्या सत्रातल्या गणिताने एकदा घात केला आणि तो विषय सहा महिन्यांत सुटला, तरी अनेक अर्जांत पूर्वी राहिलेल्या विषयांच्या रकान्यात तो दिसतोच. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी असते. ऑनलाइन अर्जात ‘बारावीचे गुण’ हा रकाना सक्तीचा असतो, त्याच्याकडे बारावीच नसते, आणि तेथे पदविकेचे टक्के भरावेत की शून्य, हे सांगणारे कोणी नसते. वास्तविक तंत्रनिकेतनात तीन वर्षे प्रात्यक्षिकांत घालवलेला हा विद्यार्थी हाताच्या कामात बारावीहून आलेल्यापेक्षा बहुधा सरस असतो. चाळणीला मात्र हात दिसत नाहीत.

गुणांनंतरची चाळणी ऑनलाइन परीक्षेची असते. तीत ‘अ‍ॅप्टिट्यूड’, म्हणजे वेळ-काम-वेगाची गणिते व तर्काचे प्रश्न, आणि ‘डीएसए’, म्हणजे विदा साठवण्याच्या रचना व समस्या सोडवण्याच्या पायऱ्या यांवर आधारित प्रोग्रॅम लिहिणे, असे दोन भाग असतात. या दुसऱ्या भागाच्या सरावासाठी २००९मध्ये मुंबईच्या एका कंपनीने सुरू केलेल्या कोडशेफपासून पुढे अनेक संकेतस्थळे उभी राहिली आहेत, आणि या सरावाचा उपयोग निःसंशय होतो. परंतु त्याची उपयुक्तता चाळणी ओलांडण्यापुरती आहे, हे सहसा सांगितले जात नाही. शंभर जणांनी तीच दोनशे गणिते सोडवलेली असताना दोनशे एकावे सोडवून कोणी उठून दिसत नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक संकल्पना उपयोगी पडते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये नोकरीच्या बाजाराविषयी मांडलेला आणि पुढे २००१च्या नोबेल पुरस्काराचे एक कारण ठरलेला सिद्धान्त असा की, मालकाला उमेदवाराची खरी कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो एखादी बाह्य खूण पाहतो. आणि ती खूण मिळवणे कुवत असलेल्यास तुलनेने सोपे व नसलेल्यास अवघड असेल, तरच ती विश्वासार्ह राहते. पदवी ही अशी खूण आहे, मग त्या पदवीत शिकलेले काहीही पुढे कामास येवो अथवा न येवो. या मांडणीचा जो भाग पहिल्या इंटर्नशिपच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो तो असा, की एखादी खूण मिळवणे सर्वांनाच स्वस्त झाले की ती खूण मरते. गेल्या पंधरा वर्षांतला तंत्रक्षेत्रातील प्रवेशस्तरावरचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा एकामागून एक मेलेल्या खुणांचा इतिहास आहे.

प्रमाणपत्रे पहिल्यांदा गेली. एनपीटीईएलसारख्या उपक्रमांतल्या, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागणाऱ्या अभ्यासक्रमांचे वजन काहीसे टिकले, पण तासाभराचा व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांनी रेझ्युमेचा अर्धा कागद व्यापला जाऊ लागला तेव्हा वाचणाऱ्याने तो अर्धा कागदच वगळायला सुरुवात केली. त्यानंतर पाळी आली गिटहबची. गिट हे प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५मध्ये तयार केले, आणि अशा नोंदी जगाला दिसतील अशा ठिकाणी ठेवण्याची सोय करणारे गिटहब २००८मध्ये सुरू झाले. त्यावर प्रत्येक सदस्याच्या वर्षभराच्या कामाचा हिरव्या चौकोनांचा तक्ता दिसतो. तो हिरवागार असेल तर माणूस कामसू, असा समज पसरला. वस्तुतः गिटमध्ये नोंदीची तारीख लिहिणाऱ्याला हवी ती घालता येते आणि चार ओळींच्या प्रोग्रॅमने अख्खे वर्ष हिरवे करता येते. ऑक्टोबर २०२०मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाच्या निमित्ताने तर याचा जाहीर तमाशा झाला. मुक्त-स्रोत प्रकल्पांना, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कोणालाही वाचता व सुधारता येतो अशा प्रकल्पांना, चार सुधारणा पाठवल्यास टी-शर्ट मिळत असल्यामुळे हजारो नवख्यांनी प्रकल्पाच्या ‘रीडमी’ या माहितीपत्रकात एखादे विशेषण घालण्यासारख्या निरर्थक ‘सुधारणा’ पाठवल्या, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या संतापानंतर आयोजकांना महिन्याच्या आतच नियम बदलून, संमती दिलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. भारतातून आलेल्या अशा सुधारणांचे प्रमाण त्यात नजरेत भरण्याजोगे होते, ही गोष्ट येथल्या महाविद्यालयांत फारशी चर्चिली गेली नाही.

प्रोजेक्टचेही तेच झाले. तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट आणि शेवटच्या वर्षाचा बीई प्रोजेक्ट, ज्याचा काळ्या कापडी बांधणीतला अहवाल मुंबईकडे ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखला जातो, हे प्रत्येकाकडे असतातच. रेझ्युमेत दिसणाऱ्या प्रोजेक्टांची यादी वाचणाऱ्याला तोंडपाठ झालेली असते: कामांची यादी ठेवणारे अ‍ॅप, हवामान दाखवणारे पान, नामांकित चित्रपट-संकेतस्थळाची नक्कल, टायटॅनिक बोटीवर कोण वाचले याचे भाकीत, आणि घरांच्या किमतींचा अंदाज. या शेवटच्या विषयात एक मौज आहे. बॉस्टन परिसरातील घरांचा जो विदासंच त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, तो १९७८च्या एका शोधनिबंधातून आला असून त्यात वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावर बेतलेला एक रकाना आहे. त्यावरील नैतिक आक्षेपांमुळे सायकिट-लर्न या पायथॉन भाषेतील प्रसिद्ध संग्रहाने २०२२च्या अखेरीस आलेल्या १.२ या आवृत्तीतून तो काढूनच टाकला. तरीही या संग्रहातून तो विदासंच एका ओळीत उतरवून घेणारा जुना कोड प्रोजेक्टच्या अहवालांतून फिरत राहतो. नव्या आवृत्तीवर तो चालवला तर पहिल्याच ओळीला त्रुटी दाखवून थांबतो, आणि मुलाखत घेणाऱ्याने ‘हे शेवटचे कधी चालवले होते?’ एवढेच विचारले तरी पुरते. याउलट तो विदासंच का काढला हे ज्याला ठाऊक आहे आणि त्यामुळे ज्याने दुसरा शोधला, त्याने किमतींचा अंदाज कितीही सामान्य बांधलेला असो, तो त्या दिवसाच्या वीस मुलाखतींत वेगळा ठरतो.

यावरून प्रस्तुत आढाव्याचे मुख्य प्रतिपादन मांडता येते. खुणा मरतात, पुरावा सहसा मरत नाही. खूण म्हणजे उमेदवाराने काहीतरी केल्याचा दावा. पुरावा म्हणजे ते केलेले काम तिऱ्हाइताला उघडून पाहता येणे, आणि ते करताना कोठे अडले, काय सोडून दिले व का, याचा हिशेब कर्त्याला देता येणे. हा हिशेबच नक्कल करायला महाग असतो. याची प्रचिती अगदी छोट्या कामातही येऊ शकते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘दिलेला शब्द उलटा करून दाखवा’ हा मुलाखतीतला सर्वांत बाळबोध प्रश्न आहे आणि रोमन लिपीसाठी त्याचे उत्तर एका ओळीचे आहे. तीच ओळ ‘पुस्तक’ या शब्दावर चालवली तर ‘कत्सुप’ असे उत्तर येते. संगणक पु, स्त आणि क ही तीन अक्षरे पाहत नाही, तर प, उकार, स, हलन्त, त आणि क हे सहा संकेतबिंदू पाहतो, म्हणजे युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात प्रत्येक चिन्हाला दिलेले सहा क्रमांक. ते यंत्रवत उलटे केले की हलन्त भलत्याच व्यंजनाला चिकटतो आणि उकार प ऐवजी स खाली जातो. वाचकाच्या अपेक्षेप्रमाणे ‘कस्तपु’ मिळवायचे असेल, तर जोडाक्षर फुटणार नाही अशा बेताने शब्दाचे तुकडे पाडावे लागतात. हा दोष ज्याला स्वतःच्या भाषेत टंकताना आढळला, ज्याने त्याचे कारण शोधले, दहा-बारा अवघड शब्द घेऊन चाचण्या लिहिल्या, आणि ‘र्‍या’सारख्या, मधल्या अदृश्य जोडचिन्हावर अवलंबून असलेल्या रूपांशी आपला प्रोग्रॅम अजून अडखळतो अशी प्रामाणिक नोंद माहितीपत्रकात ठेवली, त्याचे काम शंभर ओळींचेही नसेल, पण त्या शंभर ओळींत निरीक्षण, कारणमीमांसा, चाचणी आणि मर्यादेची जाण या चारही गोष्टी उघड्या दिसतात. अशा कामासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही, पुण्यात खोली घेऊन राहावे लागत नाही, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी येथे चार पावले पुढेच असतो. तसे काम रेझ्युमेत क्वचित दिसते याचे कारण, ते ‘मोठे’ वाटत नाही.

अशा पुराव्यावर उघडपणे बेतलेल्या निवडपद्धतीही अस्तित्वात आहेत, आणि त्यांच्या अनुभवातून बरेच शिकता येते. २००५पासून चालू असलेल्या गूगल समर ऑफ कोडमध्ये नवागताने एखाद्या मुक्त-स्रोत संस्थेकडे कामाचा आराखडा सादर करायचा असतो, आणि निवडीचा शब्द प्रामुख्याने त्या संस्थेच्या मार्गदर्शकांचा असतो. २०२२पासून तर उमेदवार विद्यार्थीच असला पाहिजे ही अटही शिथिल झाली. २०१०मध्ये ग्नोम या मुक्त-स्रोत प्रकल्पातून स्त्रियांसाठी सुरू झालेल्या आणि आता आउटरीची या नावाने तंत्रक्षेत्रात अल्पसंख्य असलेल्या विविध गटांसाठी चालणाऱ्या सवेतन इंटर्नशिपमध्ये तर निवडीआधी प्रत्यक्ष प्रकल्पाला योगदान देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातले उदाहरण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे आहे. शिक्षणात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरले जावे म्हणून केंद्र शासनाच्या साहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पाच्या उन्हाळी फेलोशिपसाठी नेमून दिलेले चाळणी-काम करून पाठवावे लागते, आणि त्याच प्रकल्पाच्या ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ उपक्रमात विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे सायलॅब या संगणकभाषेत लिहून देतात. या दुसऱ्या कामाला कोणी चकचकीत म्हणणार नाही. पण पुस्तकातले उत्तर आणि प्रोग्रॅमचे उत्तर तिसऱ्या दशांशस्थळी जुळत नाही तेव्हा चूक पुस्तकाची की आपली, हे शोधण्यात जो एक दिवस जातो, तो मुलाखतीत सांगण्यासारखा असतो.

या सर्व पद्धतींत एक समान सूत्र आढळते. मार्गदर्शकाला पहिली सुधारणा किती मोठी आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. उमेदवाराने आधीची चर्चा वाचली का, प्रश्न विचारताना स्वतः काय करून पाहिले ते सांगितले का, आणि ‘हे असे बदलून आण’ म्हटल्यावर तो परत आला का, हे तो पाहतो. मुक्त-स्रोत प्रकल्पांत अर्धवट सोडून दिलेल्या सुधारणांची रांग लांब असते, आणि म्हणून तिसऱ्या फेरीपर्यंत टिकणारा नवखा आपोआप ओळखीचा होतो.

मुलाखतींविषयी पुरेसे शास्त्रीय संशोधन उपलब्ध आहे, जरी ते नोकरभरतीविषयी असले तरी. श्मिट आणि हंटर यांनी १९९८मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन, निवडीच्या कोणत्या साधनातून पुढील कामगिरीचा किती अंदाज येतो हे सहसंबंधाच्या आकड्यांत मांडले. या मापनात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे संपूर्ण संबंध. त्यांच्या मते प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेणाऱ्या चाचण्या ०.५४सह अग्रभागी होत्या, तर शिक्षणाच्या वर्षांची संख्या ०.१०सह तळाच्या जवळ होती. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये या गणितातील एक सांख्यिकी सुधारणा अवाजवी असल्याचे दाखवून बहुतेक आकडे खाली आणले. नव्या क्रमवारीत संरचित मुलाखत, म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत, ०.४२सह पहिली आली आणि कामाच्या नमुन्याचा आकडा ०.३३ झाला. उमेदवाराच्या दृष्टीने यातला धडा एवढाच, की उत्तमातले उत्तम साधनही बरेच चुकते, त्यामुळे एका नकारावरून स्वतःची कुवत ठरवण्याला शास्त्राचा आधार नाही. रेझ्युमे सहा सेकंदांत वाचला जातो हे जे सर्वत्र ऐकू येते, त्याच्या मुळाशी एका अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने २०१२मध्ये अवघ्या ३० भरती-अधिकाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन केलेली पाहणी आहे. तिच्यावर इतका भार टाकणे योग्य नव्हे.

फळ्यासमोर उभे राहून कोड लिहिण्याच्या पद्धतीविषयी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना एकच समस्या देण्यात आली. काहींनी ती एकांतात फळ्यावर सोडवली, काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने विचार बोलत. परीक्षकासमोरच्या गटाची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली; त्या गटातील एकाही विद्यार्थिनीला उत्तर काढता आले नाही, आणि एकांतातील गटातील सर्व विद्यार्थिनींना आले. नमुना लहान आहे, त्यामुळे निष्कर्ष ताणू नयेत, पण अशा मुलाखतीत कौशल्याइतकीच नजरेखाली काम करण्याची सवयही मोजली जाते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ही सवय मित्राला समोर बसवून मोठ्याने बोलत गणित सोडवल्याने लागते. तोंडी परीक्षेला ‘ओरल’ म्हणून दहा मिनिटांत उरकणाऱ्या महाविद्यालयांतून ती क्वचितच मिळते.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे अर्ज वाचला जाण्याकडे, वळावे लागते, कारण चाळणीला बगल देणारी एक वाट आहे आणि ती सर्वांना सारखी खुली नाही. ती वाट म्हणजे रेफरल, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने नाव पुढे करणे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार नोकरीची नवी माहिती जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते. २०२२मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील प्रयोगांतून याला बळकटी मिळाली आणि डिजिटल उद्योगांत हा परिणाम ठळक असल्याचे दिसले. ज्या विद्यार्थ्याच्या नात्यागोत्यात कोणीच हिंजवडी किंवा खराडीत कामाला नाही, त्याला ही तोंडओळख मुद्दाम तयार करावी लागते. महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी हा त्याचा रास्त मार्ग आहे, मात्र संदेशात ‘सर, प्लीज रेफर मी’ याऐवजी त्या माणसाच्या कामाविषयी एखादा नेमका प्रश्न आणि स्वतःच्या कामाचा एक दुवा असावा.

नावावरून होणाऱ्या भेदाविषयी भारतात दोन महत्त्वाचे अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समान पात्रतेचे बनावट अर्ज पाठवले असता दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी आढळली. अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांच्या २००९च्या दिल्लीतील अभ्यासात सॉफ्टवेअरच्या जागांबाबत जातीनुसार लक्षणीय फरक आढळला नाही, तो कॉलसेंटरच्या जागांबाबत मात्र दिसला. जेथे कौशल्य कागदावर तपासता येते तेथे पूर्वग्रहाला वाव कमी मिळतो, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो, आणि तो काही अंशी खराही असावा. परंतु हे दोन्ही अभ्यास बोलावणे येईपर्यंतचेच आहेत. बोलावल्यानंतर ‘घरी कोण काय करते?’ या वरवर मायेच्या प्रश्नाने काय घडते, याचा मागोवा सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७मध्ये मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींतून घेतला आहे, आणि कौटुंबिक पार्श्वभूमीला गुणवत्तेचे लक्षण मानण्याची वृत्ती त्यात स्पष्ट दिसते. अस्खलित इंग्रजीला ‘कम्युनिकेशन’ म्हणण्याची रीत याच घराण्यातली. तांत्रिक गोष्ट क्रमाने आणि नेमकी समजावता येणे हे कौशल्य खरोखर लागते; त्यासाठी उच्चार कॉन्व्हेंटचेच असावे लागत नाहीत.

या सगळ्या चित्रात नोव्हेंबर २०२२नंतर, म्हणजे चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आल्यापासून, खुणा मरण्याचा वेग एकदम वाढला. अर्जासोबतचे पत्र, प्रोजेक्टचा कोड, माहितीपत्रक, घरी सोडवायला दिलेले काम, हे सर्व आता मिनिटांत आणि बिनचूक इंग्रजीत तयार होते. जागाही आटत असल्याची चिन्हे आहेत: स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५मध्ये अमेरिकेतील पगारपत्रकांच्या विदेवरून दाखवले की २२ ते २५ वयोगटातील सॉफ्टवेअर विकसकांचा रोजगार २०२२च्या अखेरीच्या उच्चांकापासून सुमारे वीस टक्क्यांनी घटला, तर अनुभवी विकसकांचा तसा घटला नाही. अमेरिकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्या-बंगळूरूला याची झळ लागणार नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. अशा स्थितीत मुलाखत घेणाऱ्यांनी शोधलेला उपाय मात्र जुनाच आहे. उमेदवाराचा स्वतःचा प्रोजेक्ट पडद्यावर उघडायचा आणि त्यात एक लहानसा बदल समोर बसवून करायला लावायचा.

शब्द उलटा करण्याच्या आधीच्या उदाहरणाच्याच धर्तीवर सांगायचे तर, मराठी शब्दांची यादी अकारविल्हे लावणारा एखादा प्रोग्रॅम उमेदवाराने आणलेला असतो. परीक्षक यादीत ‘ळ’ने सुरू होणारी एक नोंद घालतो, आणि ती ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये जाऊन बसते, कारण युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेत तर तो ह नंतर येतो. ज्याने कोड नुसता उतरवून घेतला आहे त्याला यात काही वावगे दिसतच नाही, आणि दाखवून दिल्यावर तो पडद्याकडे पाहत राहतो. दुसरा उमेदवार, कदाचित अडखळत्या इंग्रजीत, कदाचित मधेच मराठीत, सांगू लागतो की तुलना थेट क्रमांकांची न करता वर्णक्रमाचा वेगळा तक्ता करून त्याच्या आधारे करावी लागेल, क्ष आणि ज्ञ हे तक्त्यात एकेक अक्षर म्हणून घ्यायचे की नाही ते आधी ठरवावे लागेल, आणि तो परीक्षकालाच विचारतो की त्यांना कोणत्या शब्दकोशाचा क्रम हवा आहे.